गेटसमोर आयशर, ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यात राहतो, गल्ली तशी अरुंदच. शेजारच्या दादांचे दोन आयशर ट्रक आहेत, केळीच्या भाड्यावर चालतात. रात्री आमच्या गेटसमोरच लावतात आणि पहाटे तीनला स्टार्ट करून ठेवतात, सगळं घर जागं. घंटागाडी आत येत नाही, गटारीवरचा ढापा पण फुटला. मध्यंतरी सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तर १०८ कोपऱ्यावरच अडकली, त्यांना खाटेवर तिथपर्यंत न्यावं लागलं. बोलायला गेलं तर म्हणतात आम्ही रोड टॅक्स भरतो. मुलगा म्हणतो टायरची हवाच सोडून देतो. काय करू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी मुलाला थांबवा. टायरला हात लावला की भांडणाची बाजू फिरते, नुकसान केलं म्हणून तक्रार त्याच्यावर होईल आणि ॲम्ब्युलन्सचा विषय राहील बाजूला.

टॅक्सचं म्हणाल तर तो भरला म्हणून कोणाचं गेट अडवायचा हक्क मिळत नाही. पण एक सांगतो, तुमच्या घरासमोरचा रोड तुमचाही नाही, त्यामुळे दगड, कुंड्या, साखळी असलं काही टाकू नका, नाहीतर अडथळा तुम्हीच केला म्हणतील. नुसता ट्रक उभा दिसला म्हणून लगेच केस होत नाही, रस्ता अडला पाहिजे, आणि तुमच्याकडे तो अडलाय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०१ मध्ये वाहतूक अडवून गाडी उभी केली तर ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २८५ खाली सार्वजनिक रस्ता अडवल्याबद्दल ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो.

आता माझं मत. गाडीवाले गल्लीत गाडी का लावतात? शेजाऱ्याला त्रास द्यायचा म्हणून क्वचितच. हायवेला लावली तर रात्रीतून डिझेल काढून नेतात, बॅटरी जाते, आणि उन्हाळ्यात केळी कटाईच्या गर्दीत गाडी एक दिवस बंद राहिली तरी भाडं गेलं. ती भीती खरी आहे, ती न मिटवता नुसता दंड लावला तर चार दिवस गाडी बाहेर राहील आणि पुन्हा तुमच्याच गेटला येईल. म्हणून गावातल्या दोन मोठ्या माणसांना घेऊन दादांकडे जा, वहिनींशीही बोला. पेट्रोल पंपाची मोकळी जागा, मार्केट यार्ड, एखाद्याचा खळा, तिथे पाच-सहा गाडीवाल्यांनी मिळून रात्रीचा वॉचमन ठेवला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार खर्च येत नाही.

पण सासऱ्यांच्या बाबतीत तडजोड नको. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, नंबर प्लेट आली पाहिजे, आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज पोलीस स्टेशनला द्या, एक कॉपी नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला, दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्या. अर्जात ॲम्ब्युलन्सचा प्रसंग सगळ्यात वर लिहा, झोपमोड नंतर. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कमान लावा असं कोणी सुचवलं तर लगेच हो म्हणू नका, ट्रक अडेल तशी फायर ब्रिगेडची गाडीही अडेल. आणि पुन्हा पेशंट न्यायची वेळ आली तर १०८ सोबत ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या मदतीच्या नंबरलाही तेव्हाच फोन करा.