एनसीआरएत ग्रुप निवडताना पेपर मोजायचे कसे?

प्रश्न असा आहे की एमएस्सी होत आली, पुण्याच्या एनसीआरएत (रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्रात) पीएचडी करायचीय, पल्सारवाल्यांच्या (पल्सार म्हणजे ठराविक ठोक्याने रेडिओ स्पंद देणारे मृत तारे) लिस्टमध्ये ढीगभर पेपर दिसतात आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचे, म्हणजे दुर्बिणीची यंत्रं बनवणाऱ्यांचे, जेमतेम, मग तिकडे गेलो तर वाट लागेल का.

अरे, आकडा आधी बाजूला ठेव आणि लेखकांची यादी उघड. जून २०२३ मध्ये विश्वभर पसरलेल्या गुरुत्वीय लहरींच्या मंद गुणगुणीवर (बॅकग्राउंडवर) जे पेपर आले ना, युरोपियन आणि आपल्या इंडियन पल्सार टायमिंग अॅरेचे (पल्सारच्या ठोक्यांची वेळ मोजणाऱ्या गटांचे) मिळून, त्यात नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने आहेत, म्हणजे वाय, झेडवाला बिचारा कायम शेपटाला. काम जबरदस्तच आहे, पण त्यात तुझ्या होणाऱ्या सरांनी नेमकं काय केलं ते यादीवरून कळत नाही. असे दहा पेपर आणि एखाद्या विद्यार्थ्याने पहिलं नाव लावून लिहिलेला एक पेपर, यांची बेरीज करायची तरी कशी?

आता दुसरी बाजू. खोडदला एनसीआरएच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश उभ्या आहेत, १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या वाय आकारात लांब पसरलेल्या. त्या उभारणाऱ्यांचा, गोविंद स्वरूप आणि मंडळींचा मुख्य पेपर १९९१ चा, अपग्रेडचा २०१७ चा, दोन्ही करंट सायन्समध्ये, आपल्या बंगळुरूच्या जर्नलमध्ये, नेचर वगैरे काही नाही. आणि आज जीएमआरटीवर काम करणारा जगातला कुणीही असो, संदर्भात बहुतेक वेळा हेच टाकतो. रिसीव्हर बनवायला वर्षं जातात, तेवढ्यात दुसरा चार पेपर काढून मोकळा होतो, हे मान्य करूनच तिकडे जा.

अजून एक, डेटा ठराविक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो. १५० मेगाहर्ट्झचा आकाश सर्व्हे इथल्याच दुर्बिणीने २०१० ते २०१२ मध्ये घेतला, पण आकाशाच्या ९० टक्के भागाचा, सहा लाखांवर स्रोतांचा कॅटलॉग २०१७ ला आला तो परदेशी संस्थांमधल्या चौघांच्या नावाने. त्यामुळे ग्रुप बघताना डेटा प्रोसेस करायला तिथे कोण शिकवतं हे आधी विचार, नाहीतर निरीक्षणं आपली आणि पेपर दुसऱ्याचा.

मी काय करायचो सांगतो, गाईडचं नाव टाकून मागच्या पाचेक वर्षांतले प्रबंध काढायचे, मग त्या विद्यार्थ्याचा पहिल्या लेखकाचा पहिला पेपर कुठल्या वर्षी आला ते बघायचं. चौथ्या वर्षापर्यंत एकही नसेल तर त्या विद्यार्थ्यालाच चहाला गाठ आणि विचार, मेलवर कुणी खरं लिहीत नाही 😄

आणि २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, नारायणगावला उतरून जाता येतं. शाळेच्या पोरांची तोबा गर्दी असते, पण कंट्रोल रूमवाल्यांशी बोलायला मिळालं तर सोडू नको. पेपरच्या शेवटी आभारात 'जीएमआरटीच्या स्टाफचे' असं एका ओळीत जे उरकलेलं असतं ना, ते हेच लोक.