इंटरफेरॉन गॅमाची (रोगप्रतिकारक पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाची) कुपी रिकामी दिसतेय, वर बर्फही वितळलाय. वाया गेली का?

फेकू नका. तुम्ही लिहिलंय की यवतमाळकडच्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे, पेशी उंदराच्या रॉ २६४.७ (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी) आहेत, १०० मायक्रोग्रॅमची कुपी नागपूरहून मे महिन्यात एसटीने आली, आईस पॅक कोमट झाले होते आणि आत काहीच दिसत नाही. मी वर्ध्याकडे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो. पहिल्यांदा अशी कुपी हातात आली तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता.

१०० मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. ते काचेवर पातळ पापुद्र्यासारखं बसतं, नाहीतर झाकणाला चिकटतं. म्हणून झाकण उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवून घ्या. वितळलेल्या बर्फाचंही एवढं मनावर घेऊ नका. फ्रीझ-ड्राय केलेलं प्रथिन कोरडं आहे तोवर बऱ्यापैकी तग धरतं, काही कंपन्या तर बर्फाशिवायच पाठवतात. तुमच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते मात्र बघा. कुपी उंदराच्याच इंटरफेरॉनची आहे ना, हेही तिथेच तपासा. माणसाचा इंटरफेरॉन गॅमा उंदराच्या पेशींवर चालत नाही.

खरा धोका विरघळवल्यानंतर सुरू होतो. पत्रकात साधं पाणी सांगितलं असेल तर २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी भिंतीवरून हळू सोडा आणि कुपी हलक्या हाताने फिरवा. व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं) करू नका, फेसाने प्रथिन बिघडतं. मग १०-१० मायक्रोलिटरच्या वीस नळ्या भरून उणे ८० अंशाला ठेवा. एक नळी एकदाच वितळवायची, उरलेलं परत गोठवायचं नाही. मी सगळं द्रावण एकाच नळीत, साध्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. रात्री लाईन गेली ती सकाळीच आली. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, आणि ते मला कळलं तीन आठवड्यांनी. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवरही भरवसा ठेवू नका, बर्फ झटकायला तो आतून मधूनमधून गरम होतो.

आता ही कुपी जिवंत आहे की नाही, हे पेशींनाच विचारा. प्लेटमध्ये काही खड्डे कोरे ठेवा, काहींत नुसता इंटरफेरॉन, काहींत नुसता एलपीएस (जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला, पेशींना चेतवणारा पदार्थ) आणि काहींत दोन्ही घाला. दुसऱ्या दिवशी वरचं माध्यम काढून त्यात ग्रीस अभिकर्मक टाका. पेशींनी नायट्रिक ऑक्साइड बनवलं असेल तर त्यातून आलेल्या नायट्राइटमुळे गुलाबी रंग चढतो. दोन्हींच्या खड्ड्यात तो नुसत्या एलपीएसपेक्षा ठळक दिसला तर तुमचं प्रथिन शाबूत आहे.

आणखी एक खड्डा कृपा करून विसरू नका: थोडा इंटरफेरॉन दहा मिनिटं उकळून एकटाच घाला. हे प्रथिन बहुतेक ई. कोलाय जिवाणूंत तयार करतात, आणि त्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, मागे राहिलं तर तेही पेशींना चेतवतं. उकळल्यावर इंटरफेरॉन मरतो, एंडोटॉक्सिन बहुतांशी टिकतं. तो खड्डाही गुलाबी झाला तर गाईडना प्लेट दाखवा आणि कंपनीकडून त्या बॅचचा एंडोटॉक्सिनचा आकडा मागवून घ्या.