भिंतीसाठी दोन हिरव्या रंगांत अडकलात? आधी रात्री बघा

शेडकार्डवरून (दुकानातल्या रंगनमुन्यांच्या कार्डावरून) ठरवू नका. तिथला बोटभर हिरवा चार भिंतींवर चढला की जास्त गडद वाटतो, म्हणून अगदीच अडलात तर फिकट घ्या.

दोन्ही शेडचे छोटे डबे आणा. जुन्या पिवळ्या भिंतीवर थेट लावू नका, रंग फसवतो. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग:

- खिडकीसमोर आणि अंधाऱ्या कोपऱ्यात, दोन्हीकडे धरा.
- दिवे लावून नक्की बघा. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप, दिव्याच्या खोक्यावर असतं) ट्यूबखाली हिरवा थंड, निळसर दिसतो. २७०० च्या दिव्याखाली पिवळट, शेवाळी. खोली संध्याकाळीच वापरणार असाल तर हाच निकाल धरा.

पुठ्ठे शेजारी-शेजारी ठेवू नका, फरक उगाच मोठा दिसतो. एकेक बघा. मॅट (बिनचमकीचा) की सॅटिन (हलक्या चमकीचा), ते नंतर बोलू. घाई नको, छान जमेल तुम्हाला.