एमजीबीला (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पावसाळ्यात डिस्क व्हील्स (साधी, नटांनी बसणारी चाकं) आणि रॅलीला वायर व्हील्स (तारांच्या आऱ्यांची चाकं), असं आलटून-पालटून लावता येईल का?

येईल, पण दरवर्षी करू नका. तुमची १९७१ ची जीटी (एमजीबीचं पक्क्या छताचं मॉडेल) आहे आणि आत्ता वायर व्हील्स आहेत म्हणताय, म्हणजे खाली खाचांचे, मधे एकच स्पिनर (कान असलेला मोठा नट) ठोकायचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) असणार, त्यावर चार नटांचं डिस्क व्हील बसतच नाही, म्हणजे हबच बदलावे लागतात. पुढचे त्यातल्या त्यात सोपे, फक्त बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) शिम (पातळ चकत्या) घालून जुळवावा लागतो, अंदाजाने नट आवळून चालत नाही.

खरी गोची मागे आहे. जीटीला पहिल्यापासून मागे सॉल्सबरी प्रकारची एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आस), आणि त्यात वायरवाली एक्सल डिस्कवालीपेक्षा अरुंद असते. नुसते डिस्कचे हब टाकले तर मागची चाकं आत ओढल्यासारखी दिसतात, नीट करायचं तर डिस्कवाल्या गाडीची आख्खी एक्सल शोधा. (उलट्या बाजूने, डिस्कवाल्या एक्सलवर अडॅप्टर लावून वायर बसवणारे पण बघितलेत, टायर मागच्या मडगार्डला घासतो मग.)

आणि आत्ताच्या खाचा आधी तपासा. जॅकवर घ्या, कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा, ड्रम जागेवर आणि चाक हललं तर खाचा गेल्यात. चाक काढून बघितलं तरी कळतं, चांगल्या खाचेचा माथा सपाट असतो, झिजलेली टोकदार होते. झिजलेल्या चाकाबरोबर नवा हब लावला तर तोही लवकरच जातो, दोन्ही एकदम बदला. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये कोणी लेथवर खाचा काढून देतो म्हणाला तर हसून निघून या, नवे हब इंग्लंडहून मिळतात.

वायर ठेवणार असाल तर हब डावे-उजवे बदलू देऊ नका, गाडीच्या उजव्या बाजूला उलटे आटे असतात, अदलाबदल झाली तर स्पिनर चालता चालता सुटतो. स्पिनर सोडताना त्याचा वरचा कान गाडीच्या पुढच्या दिशेला, आवळताना मागे, तांब्याच्या हातोड्याने, आणि खाचांना ग्रीस. ट्यूब हवीच, रिममधून तारा आरपार जातात ना.

मला विचाराल तर घोडबंदर रोडच्या पावसाळी खड्ड्यांतून खरंच गाडी चालवणार असाल तर कायमची डिस्क करा, वायरच्या तारा गंज आणि धक्के दोन्ही खातात. पावसात गाडी झाकूनच ठेवणार असाल तर मग कशाला एक्सल उपसताय, वायरच राहू द्या.