इंग्लंडमधल्या जुन्या टेरेस्ड घराच्या भिंतींना कोणते रंग द्यावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : इंग्लंडमध्ये १८९० च्या सुमारास बांधलेले, रांगेतले घर आपण घेतले आहे, पुढची खोली उत्तरेकडे तोंड करून असल्याने थंड वाटते, मधली खोली भर दुपारीही अंधारी असते, आणि भेटेल तो ‘सगळीकडे पांढरा मारा, घर उजळ आणि मोठे दिसेल’ असे सांगतो. हा सल्ला मानावा, की त्या काळच्या गडद रंगांकडे वळावे?

मी दक्षिण लंडनमध्ये अशाच एका घरात चौदा वर्षे राहते आणि त्यातल्या प्रत्येक खोलीला निदान दोनदा रंग देऊन झाला आहे. त्यातला पहिला प्रत्येक वेळी चुकला होता असे म्हटले तरी चालेल. त्या अनुभवावरून सांगते की मधल्या खोलीला पांढरा देऊ नका, पुढच्या खोलीला शुभ्र पांढरा देऊ नका, आणि रंगाच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी आपली भिंत कशाची आहे आणि तिच्यावर आधी काय काय चढवलेले आहे ते तपासा. (इतर वाचकांसाठी एवढेच, की इथल्या ‘टेरेस’चा आपल्या गच्चीशी काही संबंध नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या अरुंद घरांची सलग रांग, असा त्याचा अर्थ आहे.)

पांढऱ्याविषयीचा सल्ला आपल्या लोकांना लगेच पटतो, याचे कारण आपल्या डोळ्यांना लागलेल्या सवयीत आहे. २१ डिसेंबरला पुण्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो आणि दिवस अकरा तासांचा असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये सूर्य जेमतेम १५ अंशांवर येतो आणि दिवस आठ तासांचाही भरत नाही. पुण्यात पांढरी भिंत झळाळते, कारण तिच्यावर पडणारा उजेडच भरपूर असतो. भिंत स्वतः उजेड निर्माण करत नाही, आलेला परत पाठवते; त्यामुळे जिथे उजेड मुळातच तुटपुंजा आहे तिथे पांढरा रंग उजळ न दिसता राखाडी दिसतो, आणि तोही सरसकट नव्हे, तर कोपऱ्यांमध्ये मळकट डाग पडल्यासारखा. उत्तरेकडून येणारा उजेड निळसर असतो. म्हणून आपल्या पुढच्या खोलीत शुभ्र पांढरा दवाखान्यासारखा दिसेल आणि गेली काही वर्षे लोकप्रिय झालेला फिकट राखाडी तर ओल्या सिमेंटसारखा.

यावर उपाय म्हणून ‘मग पिवळा द्या, ऊन पडल्यासारखे वाटेल’ असे सांगणारेही भेटतील. मी तसे केले होते. माहेरच्या ओसरीचा हळदीकडे झुकणारा पिवळा मनात धरून मी पुढची खोली ऑगस्टमध्ये रंगवली, आणि नोव्हेंबर उजाडताच त्या निळसर उजेडात त्याला कच्च्या लिंबाची हिरवट झाक आली. उत्तरेच्या खोलीत उबेसाठी निव्वळ पिवळ्यावर विसंबू नये; तांबड्याचा किंवा गेरूचा अंश असलेले रंग घ्यावेत. नुकत्याच गिलावा केलेल्या भिंतीचा गुलाबीसर मातकट, बदामी, सायीचा, फिका आबोली, हे सगळे तिथे शोभतात. रंगांची आपली जुनी नावे इथे फार उपयोगी पडतात. दुकानातल्या डब्यावर ‘हत्तीचा श्वास’ किंवा ‘मेलेला सामन मासा’ अशी नावे असतात (ही दोन्ही खरी आहेत, दुसऱ्यातल्या ‘मेलेला’चा अर्थ चमक नसलेला एवढाच), आणि त्यावरून घरातल्या दुसऱ्या माणसाला काहीही बोध होत नाही, पण ‘पारवा, पण जरा मोतियाकडे झुकणारा’ असे म्हटले की साड्या पाहिलेल्या कोणाच्याही डोळ्यांसमोर नेमका रंग उभा राहतो.

आता ‘त्या काळचे रंग’ या मुद्द्याकडे येते. व्हिक्टोरियन घरे गडद रंगवली जात, त्यामागे आवडीइतकीच सोय होती. घरात कोळशाच्या शेगड्या आणि गॅसचे दिवे असत, त्यांची काजळी भिंतींवर बसे, आणि फिका रंग दोन हिवाळ्यांत काळवंडे. भिंतीचे आडवे तीन भाग करण्याची रीत त्या काळी लोकप्रिय होती : खाली कमरेपर्यंत टिकाऊ आणि गडद ‘डेडो’, मध्ये मुख्य भिंत, आणि तसबिरी टांगण्याच्या लाकडी पट्टीच्या म्हणजे पिक्चर रेलच्या वर एक अरुंद पट्टा. खालच्या भागाला खुर्च्यांच्या पाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे घासत, म्हणून तिथे १८७७ मध्ये निघालेले लिंक्रस्टा किंवा १८८७ मध्ये आलेले त्याहून हलके अनाग्लिप्टा असे उठावाच्या नक्षीचे जाड कागद चिकटवून वर तेलरंग देत. आपल्या बोळात, म्हणजे पुढच्या दारातून आत नेणाऱ्या अरुंद वाटेत, असा कागद शाबूत असेल तर कृपया तो खरवडून काढू नका.

आज मिळतो तो झगझगीत शुभ्र पांढरा मात्र या घराच्या बांधकामाच्या वेळी अस्तित्वातच नव्हता. त्या वेळचा पांढरा म्हणजे शिसे आणि जवसाचे तेल. तो मुळातच सायीसारखा असे आणि काळाबरोबर पिवळसर पडे. टायटेनियमचा पांढरा बाजारात रुळला तो पहिल्या महायुद्धानंतर. म्हणून जुनी वळणदार कॉर्निस (भिंत आणि छत मिळतात तिथली नक्षीची पट्टी), छताच्या मध्यावरचे गोल नक्षीकाम आणि जुनी दारे यांच्यावर शुभ्र पांढरा दिला की ती कालच प्लास्टिकची आणून बसवल्यासारखी दिसतात. लाकूडकामासाठी घरभर एकच मळकट-पांढरा किंवा फिका बदामी ठरवून टाका. खोलीगणिक भिंती बदलल्या तरी घर एकसंध राहते, आणि निर्णयांचे निम्मे ओझे उतरते.

यापुढचा भाग रंगाच्या छटेचा नाही, पण माझे सर्वाधिक पैसे आणि श्रम याच अज्ञानात गेले, म्हणून तो जरा विस्ताराने सांगते. अशा घरांच्या बाहेरच्या भिंती बहुधा नऊ इंच जाडीच्या भरीव विटांच्या असतात, मध्ये पोकळी नसते, आणि आतला गिलावा चुन्याचा असतो. ही भिंत ओलावा घेते आणि सोडते. तिच्यावर व्हिनाइलचा, प्लास्टिकसारखा थर चढवला की ओलावा आत कोंडतो आणि एक-दोन हिवाळ्यांत पोपडे सुटू लागतात. आमच्या पहिल्या रंगाऱ्याने पुढच्या भिंतीला असाच धुता येणारा चकचकीत इमल्शन मारला होता आणि तिसऱ्या वर्षी तो खिडकीखालून तळहाताएवढ्या खपल्यांनी निघू लागला. बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूला चुन्याचा, मातीचा किंवा सिलिकेटचा, म्हणजे वाफ जाऊ देणारा रंग वापरावा. हे रंग महाग असतात. म्हणून शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या कोरड्या भिंतींना साधा मॅट इमल्शन दिला तरी बिघडत नाही, फक्त छटा तंतोतंत जुळवून घ्यावी लागते. भिंतीला मुळात ओल असेल, पन्हळ गळत असेल किंवा बाहेरची जमीन घरातल्या फरशीच्या वर चढलेली असेल, तर आधी ते दुरुस्त करावे, भिंत पूर्ण सुकू द्यावी आणि मगच रंगाचा विचार करावा.

दुसरी तपासणी जुन्या थरांची. ओले बोट भिंतीवर किंवा छतावर घासून पाहा. बोटाला खडूसारखे पांढरे लागले तर तो जुना डिस्टेंपर आहे, म्हणजे खडूची पूड आणि सरस. त्याच्यावर आधुनिक इमल्शन टिकत नाही. छताचा तो थर स्पंजाने धुऊन काढावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण कॉर्निसमधली पाने-फुले त्या लेपाखालून पुन्हा स्पष्ट होताना पाहणे हा या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता प्रसंग होता. लाकडावरच्या जुन्या तेलरंगात शिसे असणार असे गृहीतच धरा. तो कोरडा घासू नका, गरम हवेच्या बंदुकीने जाळू नका, आणि घरात लहान मूल असेल तर चाचणीची पट्टी आणून खात्री केल्याशिवाय हातच लावू नका. छतावर खडबडीत नक्षीचा लेप असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तो खरवडण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. कागदांच्या थरांखाली फार जुना, गर्द हिरवा कागद निघाला तर तोही कोरडा खरवडू नये. एकोणिसाव्या शतकातल्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक असे.

आता खोल्या. मधल्या खोलीची खिडकी मागे, स्वयंपाकघराच्या पुढे आलेल्या भागाशेजारच्या चिंचोळ्या पट्टीत उघडत असणार. म्हणजे दिशा दक्षिणेची असूनही सावली कायम. ही खोली उजळ करण्याचा नाद सोडावा. तिथे गर्द शेवाळी, डाळिंबी, अंजिरी किंवा जवळजवळ काळा वाटणारा निळा घ्या, आणि तो स्कर्टिंगपासून, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीपासून, पिक्चर रेलपर्यंत, जुन्या कोळशाच्या शेगडीचा भिंतीतून पुढे आलेला भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे कोनाडे धरून, सलग द्या. गडद रंगात कोपरे दिसेनासे होतात, आणि कोपरे दिसले नाहीत की खोलीचा आकार नेमका उमगत नाही. म्हणून ती लहान वाटत नाही. आमची मधली खोली जेवणाची आहे. ती संध्याकाळीच वापरली जाते आणि दोन दिव्यांच्या पिवळ्या उजेडात तिथली गर्द हिरवी भिंत इतकी छान दिसते की पाहुणे पुढच्या खोलीत जाऊन बसायला तयार नसतात. अट एवढीच, की छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा न लावता दोन-तीन कमी उंचीवर लावावेत आणि ते २७०० केल्विनच्या आसपासचे असावेत (हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). ४००० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली हाच रंग शेवाळ चढलेल्या हौदासारखा दिसेल.

बोळाला दारावरच्या काचेतून काय येईल तेवढाच उजेड. तिथे सायकल, छत्र्या, ढकलगाड्या यांचे ओरखडे रोजचे, त्यामुळे व्हिक्टोरियन रीत आजही शहाणपणाची ठरते : कमरेपर्यंत गडद, पुसता येईल असा एगशेल, म्हणजे किंचित चमक असलेला रंग, आणि वर फिका मॅट. जमिनीवर मूळच्या तांबड्या-पिवळसर फरश्या असतील तर वरचा रंग त्यातल्या पिवळसर फरशीवरून घ्यावा. शक्यतो बोळापासूनच सुरुवात करा, कारण प्रत्येक दारातून बोळाचा रंग दिसतो आणि बाकीचे रंग त्याच्याशी जुळावे लागतात.

स्वयंपाकघराबद्दल या देशातले सल्लागार जे सांगत नाहीत ते मी सांगते. आपल्याकडे रोज फोडणी होते. मातीचे किंवा चुन्याचे अगदी निस्तेज मॅट रंग कितीही सुंदर असले तरी हळदीचा एक तेलकट शिंतोडा त्यांच्यावर कायमचा राहतो. शेगडीमागे टाइल्स आणि बाकी भिंतींना धुता येणारा मॅट, हेच बरे. तो भाग बहुतेक घरांत पुढे वाढवलेला किंवा नव्याने गिलावा केलेला असतो, त्यामुळे तिथे ओलाव्याचा प्रश्नही तितका नसतो. दक्षिणेचे ऊन मिळणाऱ्या मागच्या झोपायच्या खोलीत मात्र आपल्याला आवडेल तो रंग द्या. थंड निळसर, पारवा, अगदी राखाडीसुद्धा तिथे तग धरतो.

नमुने भिंतीवर लहान चौकोनांत रंगवू नयेत. जुना रंग शेजारी असल्याने डोळा फसतो आणि ते चौकोन नंतर नव्या रंगाखालून उठून दिसतात. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो पुठ्ठा खोलीत फिरवावा : खिडकीशेजारच्या भिंतीवर, खिडकीसमोर, कोनाड्यात, सकाळी, दुपारी चार वाजता आणि दिवे लागल्यावर. दुकानातल्या रंगांच्या नमुनापट्टीवर लिहिलेला प्रकाश-परावर्तनाचा आकडाही पाहावा, तो शून्याकडे जितका झुकेल तितका रंग गडद आणि शंभराकडे झुकेल तितका फिका. आपण ताबा नोव्हेंबरमध्ये घेणार असल्याचे लिहिले आहे, हे उत्तमच झाले. माझी चूक ऑगस्टमध्ये झाली होती. आपण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुठ्ठे पाहिलेत तर या घरातला सर्वांत कमी उजेड आपल्यासमोर असेल, आणि त्यात जो रंग चांगला दिसेल तो जूनमध्ये बिघडणार नाही.

मापाचा अंदाज देऊन थांबते. सुमारे ३.६ बाय ४ मीटरच्या आणि २.७ मीटर उंचीच्या खोलीत दार-खिडकी वजा जाता साधारण ३५ चौरस मीटर भिंत उरते. एका लिटरमध्ये एका हाताला १२ चौरस मीटर धरले तर दोन हातांना सहा लिटर लागतात. शिवाय सुकलेला चुन्याचा गिलावा पहिला हात अधाशासारखा पितो, म्हणून तो पाणी घालून पातळ करून द्यावा. सगळे डबे एकाच घाणीतले, म्हणजे एकाच बॅच क्रमांकाचे घ्यावेत आणि उरलेला रंग खोलीचे नाव लिहून जिन्याखाली ठेवावा; बोळातला तर वर्षाच्या आत लागतोच.