नाट्यगृहाची बाल्कनी हलते

प्रश्न : आमच्या मंडळाचं नाट्यगृह जवळजवळ शंभर वर्षांचं आहे. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी तुळयांवर लाकडी बाल्कनी. मध्यंतरात लोक एकदम उठले की ती हलते. ठेकेदार म्हणतात, लाकूड काढून सहा इंची स्लॅब टाका, मग बघायला नको. काय करावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : स्लॅब टाकू नका. सहा इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३७५ किलो भरतं. तुमच्या सागवानी फळ्या आणि त्यांच्याखालच्या लाकडी कड्या मिळून ५०-६० किलो असतील. म्हणजे एकही प्रेक्षक वर चढायच्या आधीच भिंतीवर सहापट ओझं. त्यावर प्रेक्षकांचं वेगळं. पक्क्या खुर्च्यांच्या सभागृहासाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात ते चौरस मीटरला ४ किलोन्यूटन, साधारण ४०० किलो धरलेलं आहे. चुन्यातली भिंत सरळ खाली येणारा भार पेलते, आडवा हिसका तिला सोसत नाही. वर जितकं वजन, तितका भूकंपात हिसका मोठा. २६ जानेवारी २००१ची सकाळ बडोद्यात ज्यांनी अनुभवली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बाल्कनी हलते ती बहुधा तुळयांच्या टोकांमुळे. अशाच एका जुन्या सभागृहात मला बोलावलं होतं. तुळई वरून चकचकीत, कुठे चीरसुद्धा नाही. सुताराला म्हटलं, भिंतीत गेलेल्या टोकाजवळच्या दोन विटा काढा. मी आरी (टोकदार टोचा) टोचली तर ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर ओढली तेव्हा टोकाला भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा भुगा. त्या भिंतीला बाहेरून कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. पन्हळीतून गळणारं पाणी विटांत मुरायचं आणि सिमेंटमुळे बाहेर सुकायचं नाही. ती ओल तुळईनं प्यायली. मधलं सागवान मात्र खणखणीत होतं. ते तोडायला लोक निघाले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी प्रत्येक तुळईला नंबर द्या आणि खाली धिरे लावून एकेक टोक उघडा. कुजलेला भाग कापून जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडता येतो, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. नवं टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर हवा खेळू द्या, पण तुळई पट्टीनं भिंतीशी बांधा. भूकंपात ती निसटून यायला नको. बाहेरचा गिलावा चुन्याचाच. ही कामं पट्ट्या-बोल्टांच्या जाडीच्या हिशोबासह स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लिहून घ्या, तोंडी नको. रंगमंचावरचे नवे दिव्यांचे बारही बघा; ते छताच्या कैचीच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) सांध्यावर टांगावेत, दोन सांध्यांच्या मध्ये नाही.

तोवर बाल्कनीला कुलूप लावा. गणेशोत्सवाचे कार्यक्रम खालीच घ्या, तिकिटं कमी विकली गेली तरी चालेल. टोकं उघडलीत की तुळईच्या नंबरासह फोटो पाठवा, आरी किती बोटं आत गेली तेही लिहा.