भाटी, बोका आणि पिंजरा

प्रश्न : आमच्या इमारतीच्या आवारातल्या बहुतेक मांजरांची नसबंदी झाली. पण एक भाटी (मादी मांजर) काही केल्या पिंजऱ्यात शिरत नाही आणि यंदा दोनदा व्याली. काय करावं?

उत्तर : हिच्यावर वेळ घालवाच. भाटी ६३ ते ६५ दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. एक जरी सुटली तरी वर्षभरात तुमची मेहनत पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

पिंजऱ्याला बिचकण्याचं कारण बऱ्याचदा साधं असतं. पोट भरलेलं असतं, किंवा तळव्याला जाळी टोचते. दुसरं मांजर आत अडकून धडपडताना तिनं पाहिलं असेल, तर मात्र धीर धरावा लागतो. पिंजऱ्याचं दार दोरीनं पक्कं उघडं बांधून ठेवा आणि आठ-दहा दिवस रोज ठरल्या वेळी खाणं तिथंच द्या. बशी आधी दारासमोर, मग उंबऱ्यावर, मग आत आणि शेवटी पायपट्टीच्या, म्हणजे पाय पडताच दार पाडणाऱ्या पट्टीच्या, पलीकडे. तळाला वर्तमानपत्र अंथरा, पण त्याची घडी पायपट्टीखाली जाऊ देऊ नका. घडी अडकली की पट्टी दबत नाही, मांजर निवांत जेवून निघून जातं.

पकडण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद, पाणी मात्र चालू. हे खाऊ घालणाऱ्या सगळ्यांना सांगा. एकानं कीव येऊन दूध ठेवलं की बेत फसला. शस्त्रक्रियेची वेळ आधी घ्या, पिंजरा नंतर लावा. लावलेला पिंजरा नजरेआड ठेवू नका. दार पडताच जाड चादर टाका. अंधारात मांजर शांत होतं, उजेडात नाकपुडी आणि नखं सोलून घेतं. हात आत घालायचा नाही. चावलंच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम क्षुल्लक दिसते.

इतकं करूनही शिरली नाही, तर वरून पडणारा पिंजरा वापरा. जाळीची चौकट काठीवर तिरकी टेकवायची, काठीला लांब दोरी बांधायची आणि भाटी मधोमध खात असताना ती ओढायची. वर चादर टाका आणि मग चौकटीच्या सरकत्या दारातून तिला साध्या पिंजऱ्यात घ्या. पकडल्यावर सड पाहा. ते लोंबते असतील आणि भोवतीचे केस झडलेले असतील, तर पिल्लं जवळपास आहेत. तसं पशुवैद्याला आधीच सांगा, म्हणजे तिला लवकरात लवकर, २४ तासांच्या आसपास सोडता येईल. एरवी बोक्याला एक दिवस आणि भाटीला दोन-तीन दिवस ठेवून, ती नीट शुद्धीवर, खातीपिती आणि टाके कोरडे असल्याची खात्री करून जिथून उचलली तिथंच सोडा. भूल उतरण्याआधी नसबंदीची खूण म्हणून पशुवैद्याकडून कानाचं टोक कापून घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तिलाच पुन्हा पकडाल. आणि बोक्याची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून भाटी गाभण राहू शकते, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : जिन्याखाली तीन पिल्लं सापडली, डोळे मिटलेले. आई दिसत नाही. घरी आणू का?

उत्तर : लगेच नको. पोट गच्च, अंग उबदार आणि गुपचूप झोपलेली असतील, तर आई भक्ष्याला गेली आहे. तुम्ही तिथं उभे असेपर्यंत ती येणार नाही. भोवती पिठाचं पातळ कडं घाला, लांब जा आणि काही तासांनी पावलं उमटली का ते पाहा. पिल्लं गार पडली असतील, मळली असतील, सतत केकाटत असतील, तर मात्र उचला.

आणि आधी ऊब द्या, दूध नंतर. गार पिल्लाला दूध पचत नाही, गिळता न आल्यानं ते फुप्फुसात जातं. बरीच पिल्लं इथंच दगावतात. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे नको वाटल्यास पिल्लू बाजूला सरकेल. पहिल्या आठवड्यात आतलं तापमान ३० अंशांच्या आसपास हवं. गाईच्या दुधानं हगवण लागते. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडरच आणा आणि पिल्लाला पालथंच धरून पाजा. तान्ह्या बाळासारखं उताणं कधीच नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजल्यावर ओल्या कोमट कापसानं शी-शूची जागा हलकेच पुसा, त्याशिवाय ती करत नाहीत. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, पुढं दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढ. दिवसभरात काटा हललाच नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

प्रश्न : अंगावरच्या पिसवांसाठी कुत्र्याचं औषध चालेल का?

उत्तर : नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात. घरातली पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

प्रश्न : तीन महिन्यांची दोन पिल्लं आणली आहेत. हात नेला की फिसकारतात. माणसाळतील का?

उत्तर : माणसाची सवय लागण्याचा खरा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. तीन महिन्यांनंतरही जमतं, पण दिवसांऐवजी आठवडे लागतात. दोघांना वेगळं ठेवा. एकत्र असली की एकमेकांच्या आधारानं रानटीच राहतात. अख्खं घर मोकळं देऊ नका. छोटी खोली आणि तुमचा हात पोचेल असं लपायचं खोकं पुरे. खाणं फक्त तुमच्या चमच्यातून. पहिला स्पर्श मऊ ब्रश बांधलेल्या लांब काठीनं गालाला; समोरून डोक्यावर हात आणलात की पंजा बसलाच म्हणून समजा.

चार आठवड्यांनीही तुमच्यासमोर खात नसतील, तर नसबंदी करून मूळ जागी सोडा. भेदरलेलं मांजर कपाटामागे वर्षानुवर्षं ठेवणं ही दया आम्हाला तरी पटत नाही.

घरात आधीची मांजरं असतील, तर नव्यांना किमान दोन आठवडे वेगळं ठेवा. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजाराची लक्षणं सहसा तेवढ्यात दिसतात. त्याचा विषाणू अल्कोहोलनं मरत नाही. जागा आधी धुवा, मग ३२ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. फिनेल वापरू नका, ते मांजरांना विषारी असतं.

प्रश्न : दत्तक दिलेली दोन वर्षांची भाटी तीन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही, म्हणून लोक परत द्यायचं म्हणतात.

उत्तर : लपण्याची काळजी नको, उपाशी राहण्याची करा. दोन-तीन दिवस न खाल्ल्यास मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, विशेषतः लठ्ठ मांजराच्या. ती रात्री खाते का, शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये जाते का, एवढंच त्यांना विचारा. काहीच खात नसेल, तर आजच पशुवैद्य. खात असेल, तर एका खोलीत राहू द्या, पलंगाखाली वाकून पाहू नका, खिडकीला जाळी बसवा आणि तुमच्याकडचं तिचं अंथरूण न धुता त्यांना पाठवा.